बोंबलांच्या रांगेतला खलाशी

भाईंदर पश्चिमेहून उत्तनची बस सुटली तेव्हा माझ्या मांडीवर दोन जाड पुठ्ठे आणि सुती दोरी होती. लांज्याहून हे सामान मी एका मुखपृष्ठासाठी आणलं होतं. माझे इतिहासाचे सर दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली सचित्र मासिकं जमवतात. त्यांच्या एका अंकाला मुखपृष्ठ नव्हतं, आणि उत्तनजवळच्या तारोडी गावातल्या फिलूमावशींकडे नेमकं तेवढंच होतं. भाईंदरच्या इंद्रलोक वसाहतीत राहणाऱ्या माझ्या मामाने ते शोधून काढलं. घरातला पहिला पदवीधर मी सरांमुळे झालो. त्यांचा अंक पुरा करायचा, एवढंच मनात होतं.

उत्तन नाक्यावर रिक्षा केली.

"तारोडी? मच्छी लेने?"

"नहीं, कागज लेने."

"कागज तो स्टेशनपे भी मिलता है, भाऊ!"

मला हसू आलं नाही. मावशी सकाळपासून फोन उचलत नव्हत्या.

त्यांच्या अंगणात वलांडी (बोंबील सुकवायची बांबूची चौकट) उभी होती. जबड्यात जबडा अडकवून टांगलेल्या बोंबलांच्या रांगेत एक दुमडलेला कागद फडफडत होता.  माझ्या बाजूला मलपृष्ठ होतं. त्यावरची चहाची जाहिरात उन्हाने पार पांढुरकी पडली होती.

"मावशी, उडेल ना तो!"

"बोंबील उडत न्हाय, तं कागद कसा उडंल? पेटीत ओल लागलेली. तू येनार म्हनून सुकवलाय."

वाकून पलीकडे गेलो. पुढच्या बाजूवर चिमट्यांनी हातरुमाल लावलेला. तो उचलायला माझा हात धजेना. शेवटी मावशींनीच काढला. निळ्या समुद्रापुढे पांढऱ्या टोपीतला खलाशी, रंग अगदी ताजे!

"ह्यो माजा सासरा," मावशी म्हणाल्या. "लढाईत बोटीवर होता. आपल्यालाच बघून चित्र काढलं, सांगायचा. खरं-खोटं देव जाने. त्याचा फोटो एक पन न्हाय. तोंडाला ऊन नको म्हनून रुमाल."

"मग मला कसं देता?"

"माज्यामागं कोन बघनार त्याला? तुज्या सरांच्या शाळंत पोरं हायत. पन कपाटात कोंडू नको. मानसांत ठेव."

मी हो म्हणून बसलो. पण सरांचे सगळे अंक कुलपाच्या कपाटात असतात.

परतीच्या वाटेवर पुठ्ठे छातीशी धरले होते, पण आता धास्ती कागदाची नव्हती. दिलेल्या शब्दाची होती.

लांज्यात सरांनी मुखपृष्ठ अंकावर ठेवलं. टाचण्यांचे गंजके डाग अंकावरच्या डागांवर बसले. सरांचे डोळे भरून आले, आणि नेमकं तेव्हाच मला अडखळत मावशींचं म्हणणं सांगावं लागलं.  त्यांनी कागद नाकाशी नेला.

"बोंबील?"

"हो, सर."

त्यांनी मुखपृष्ठ अलगद उचलून बाजूला ठेवलं. "अंक राहू दे रे तसाच. याला चौकट करून आण."

आता तो खलाशी शाळेच्या व्हरांड्यात, सावलीच्या भिंतीवर आहे. पुराव्याशिवाय कुणाचं नाव घेऊ नये, हे सरांनीच आम्हाला शिकवलं. मुलं विचारतात, हा कोण? सर म्हणतात, "तारोडीचा."