दोन दाबा, पाच उमटतो

"कुरवाळता काहून? दाबा ना. मांजर आहे का ते?"

जबलपूरच्या ज्या खासगी इस्पितळात मी स्टोअर सांभाळत होते, तिथल्या प्रत्येक नर्सनं ही बोलणी, मराठीत नाहीतर हिंदीत, एकदा तरी खाल्ली होती. ऐकवणारे गृहस्थ साठीचे, माझ्यासारखेच मराठी. शहरातल्याच घमापुरात त्यांचं लहान यंत्रांचे टचस्क्रीन दुरुस्त करायचं छोटं दुकान होतं; इस्पितळाची यंत्रंही तेच बघायचे. असा माणूस तुम्हीही पाहिला असेल: कामाला पक्का आणि जगावर कायमचा नाराज.

मोबाइलच्या काचेचा त्यांना मनापासून तिटकारा. आमचे औषधाचे पंप, म्हणजे शिरेतून ठरलेल्या वेगानं औषध सोडणारी यंत्रं, जुन्या पद्धतीची होती. वर पातळ फिल्म, खाली काच, मधे केसाएवढी फट. दाबलं की फिल्म काचेला टेकते आणि बोट कुठं आहे ते यंत्राला कळतं. हातमोजा असो की पेनचं टोपण, सगळं चालतं. "याला दाब समजतो," ते म्हणायचे. "तुमच्या मोबाइलला काय, नुसती चापलूसी."

आमच्या मॅनेजरांना हे पंप म्हणजे कबाड वाटायचे. एकदा ते म्हणाले, "ये सब पुराना हो गया, फेंको." हे गृहस्थ स्क्रू आवळत होते. मान वर न करता म्हणाले, "साहब, पुराने तो आप भी हैं."

त्या दिवसापासून त्यांना बोलावणं बंद.

पुढं एका पंपाची फिल्म फाटली. मॅनेजरांनी कुठून तरी एक स्वस्तातला कारागीर आणला. तो दहा मिनिटांत नवी फिल्म चिकटवून गेला. फिल्म बदलली की कॅलिब्रेशन करावं लागतं. पडद्यावरच्या खुणा एकेक करून दाबायच्या, म्हणजे बोट आणि आकडा एका जागी येतात. दुरुस्तीच्या कागदावर 'कॅलिब्रेशन केले' असं लिहिलं होतं. खाली सही माझी. मी पंपाकडे पाहिलंसुद्धा नव्हतं.

काही दिवसांनी बरगीकडच्या एका म्हातारीला तोच पंप लागला. नर्स दमोहची, नोकरीत नवी. तिनं दोन दाबला, यंत्रानं त्याच्या खालचा पाच घेतला. म्हातारीचं ब्लडप्रेशर कोसळलं. डॉक्टर धावले म्हणून वाचली. मॅनेजरांनी दुपारच्या आत नर्सला काढण्याचं पत्र टाइप करून घेतलं. माणसाची चूक शोधायला त्यांना कधीच वेळ लागत नसे.

मी घमापुरात फोन केला. धैर्यानं नाही, भीतीनं.

ते आले. मी दिलेली फाइल चाळली आणि पंप उचलून थेट मॅनेजरांच्या टेबलावर ठेवला. डॉक्टर होते, नर्स भिंतीला टेकून उभी होती.

"साहब, दो दबाइए."

मॅनेजरांनी दाबला. पाच उमटला. पुन्हा दाबला. पुन्हा पाच.

"उंगली ठीक से नहीं लगी," मॅनेजर म्हणाले.

"अच्छा? तो आपको भी निकाल दें?"

डॉक्टरांनी ते पत्र उचललं आणि फाडलं. नर्स रडायला लागली, तर हे तिच्यावरच उखडले. "रोती क्या हो? जो नंबर आया, वो पढ़ा काहे नहीं? चालू करने से पहले पढ़ना था ना!"

फाइलमधल्या सहीबद्दल कोणी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या दुकानात गेले. "त्या कागदावरची सही—"

"तुमची. पाह्यली मी."

"मग काल बोलला काहून नाहीत?"

"पोरीला सोडवायचं होतं दीदी, ते पंपानंच सोडवलं. तुमचं तुम्ही पाहा." मग डोळ्याचं भिंग काढून माझ्याकडे नीट पाहत म्हणाले, "पण न पाहता सही करणारे आणि न तपासता दुरुस्त करणारे, एकाच खानदानातले."

इतकी नेमकी शिवी मला आयुष्यात कोणी दिली नाही. मी तिथूनच डॉक्टरांकडे गेले आणि लेखी कबुली दिली. स्टोअर माझ्याकडून काढून घेतलं, केसपेपरच्या खिडकीवर बसवलं. योग्यच झालं.

पुढं इस्पितळानं सगळे पंप बदलले. दिवाळीत मी घमापुरात गेले तेव्हा त्यांच्या दुकानात मोबाइलची रंगीत कव्हरं टांगलेली होती. ते मुलीकडे नागपूरला गेले, असं शेजारच्या शिंप्यानं सांगितलं. सामानाच्या टेम्पोत तोही सोबत गेला होता.

"रस्ताभर ड्रायव्हरला झापत होते," शिंपी हिंदीत सांगत होता. गिअर असा काहून टाकतो, आरसा काय दाढी करायला लावलाय? शहराबाहेर तिलवाऱ्याला पूल आला, खाली नर्मदा दिसली, तेव्हा एकदम गप्प झाले. हात जोडले आणि डोळे मिटून बसले. ड्रायव्हरला वाटलं, सुटलो.

पूल संपला आणि ते पुन्हा सुरू झाले.