निकाल सांगायचा नाही

मी त्या घरी पहिल्यांदा गेले ती निव्वळ जेवणाच्या आशेने. नोकरीच्या व्हिसावर इंग्लंडात, कॉव्हेंट्रीत येऊन थोडेच महिने झाले होते आणि मी टोस्ट-बीन्सवर दिवस काढत होते. इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमात एका काकूंनी हातावर तिळगूळ ठेवला, मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि रविवारी जेवायला ये म्हणून बजावलं. गेले, तर काका टीव्हीसमोर होते आणि टीव्हीवर चिखलाने माखलेली माणसं पावसात सायकली हाणत होती. काकांनी मला बसायची खूण केली आणि बोट ओठांवर ठेवलं. ही कसली माणसं, असं मनात आलं, पण स्वयंपाकघरातून भरल्या वांग्यांचा वास येत होता म्हणून बसले.

काका मूळचे पुण्याचे. साठच्या दशकात इथल्या कारखान्यात फिटर म्हणून आले आणि तिथूनच निवृत्त झाले. जुलैतली फ्रान्सची मोठी शर्यत सगळ्या जगाला ठाऊक असते, पण काकांना तिचं कौतुक नव्हतं. सूर्यफुलांच्या शेतांमधून काय, कोणीही जाईल, म्हणायचे. त्यांचा सीझन मार्च-एप्रिलचा. बेल्जियम आणि उत्तर फ्रान्समधल्या शर्यती, एका दिवसात निकाल लावणाऱ्या. रस्ते दगडी, गारठा हाडं फोडणारा, वारा असा आडवा की सगळा घोळका रस्त्यावर तिरका पसरतो आणि जो कडेला पडला तो मागे राहतो. जिंकणाऱ्यावर काकांचा फारसा जीव नसायचा. त्यांचं लक्ष त्याच्या पाणक्याकडे. हा गडी मागे संघाच्या गाडीपर्यंत जाणार, बाटल्या जर्सीत कोंबून पुन्हा पुढे येणार, वेळ आली तर आपलं चाक काढून देणार आणि शेवटी पन्नासावा-साठावा येणार. त्याच्याही मागे येते ती रखडलेल्यांना गोळा करणारी गाडी. तिला पूर्वी खरोखरच झाडू बांधलेला असायचा म्हणे.

मी या नादाला लागले हे मान्य करायला मला वेळ लागला. जो जिंकतो तो काही वर्षांनी उत्तेजक औषधं घेतलेला निघतो, मग बघायचं कशाला, असा वाद मी घालायचे. काका म्हणायचे, पाऊस तर खरा आहे ना.

त्या घरात एक कडक नियम होता. रविवारी इथली मोठी दुकानं चारला बंद होतात, आणि काकूंची आठवड्याची खरेदी रविवारीच असायची. गाडी काका चालवणार. त्यामुळे शर्यत टेपवर रेकॉर्ड व्हायची आणि संध्याकाळी जेवायच्या आधी सगळ्यांनी मिळून बघायची. तोवर रेडिओ लावायचा नाही, टीव्हीवर बातम्यांची पानं दाखवणारं टेलिटेक्स्ट बघायचं नाही, आणि कोणाला निकाल कळलाच तर त्याने तो गिळायचा. एकदा मी घरून कॉम्प्युटरवर निकाल बघून गेले होते. काकांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि मला पोळ्या लाटायला आत पिटाळलं. तुझा चेहरा म्हणजे उघडा पेपर आहे, म्हणाले.

माझ्या तिसऱ्या वसंतात काकांचं पोट दुखायला लागलं. तपासण्या झाल्या. निकालाच्या दिवशी त्यांनी हॉस्पिटलमधल्या डॉक्टरला शांतपणे सांगितलं की मला काही ऐकायचं नाही, माझा सीझन सुरू झालाय, तो संपू दे. तोवर जे सांगायचं ते मुलीला सांगा. या देशात पेशंट म्हणेल ते प्रमाण. डॉक्टरने मुलीला बाजूच्या खोलीत नेलं. स्वादुपिंडाचा कॅन्सर होता आणि फार पसरला होता.

मुलगी इथेच जन्मलेली, शाळेत शिकवायची. गाडीत तिने मला धरून रडून घेतलं आणि म्हणाली, "बाबाला नाही सांगायचा. इट्स हिज चॉइस. आईला पण सांगितली मी, नो वन सेज अ वर्ड." मी कपाळाला हात लावला. शर्यतीचा नियम शर्यतीला ठीक आहे, माणूस मरायला टेकल्यावर कसला खेळ मांडलाय, असं मी काकूंना तोंडावर म्हटलं. काकू म्हणाल्या की आपल्याकडे तरी पेशंटला कोण सांगतं? त्यांचंही बरोबर होतं. माझ्या आजोबांना शेवटपर्यंत अल्सर आहे असंच सांगितलं होतं आम्ही.

पण काकूंना एका गोष्टीने पोखरलं होतं. काकांचा धाकटा भाऊ पुण्यात होता आणि काका त्याच्याशी बोलत नव्हते. अनेक वर्षांपूर्वी त्यांची आई आजारी पडली, तेव्हा या भावाने इकडे कळवलंच नाही. परदेशात एकटा आहे, उगाच जिवाला घोर कशाला, असा विचार त्याने केला. आई गेली, दिवस झाले, आणि मग पत्र आलं. काकांनी त्या पत्राला उत्तर दिलं नाही आणि नंतरच्या एकाही फोनवर ते आले नाहीत. दर दिवाळीला भावाचा फोन यायचा, काकू बोलायच्या आणि काका बागेत जायचे. आता काकूंना वाटत होतं की एकदा तरी दोघांचं बोलणं व्हावं, जमलं तर भावाने येऊन भेटून जावं. व्हिसाला वेळ लागतो. भावाला बोलवायचं तर कारण सांगावं लागणार, आणि भाऊ अचानक दारात उभा राहिला की काकांना न सांगताच सगळं कळणार. त्या रोज ठरवायच्या आणि रोज गप्प बसायच्या.

त्या सीझनची एकेक शर्यत आम्ही न चुकता पाहत गेलो. काकांचा पलंग खाली हॉलमध्ये आणला होता. खरेदीला आता मी काकूंना बसने घेऊन जायचे, त्यामुळे शर्यत चालू असताना बघायला काहीच हरकत नव्हती. पण काका टेपच लावायचे, आम्ही परत आल्यावर. पाडव्याला काकूंनी मागच्या दारी गुढी उभारली, श्रीखंड केलं. काकांनी ते जिभेला लावलं. त्या संध्याकाळी टीव्हीवर त्यांच्या लाडक्या पाणक्याचं चाक दगडांवर फुटलं. तो चाक हातात उंच धरून कडेला उभा राहिला, आणि एकामागून एक गाड्या त्याच्यावर चिखल उडवत गेल्या, त्यातली एकही त्याच्या संघाची नव्हती. मला ते बघवेना. काकू पडद्याकडे बघतच नव्हत्या.

"आज सण आहे," त्या म्हणाल्या. "भावजींना फोन लावू का?"

काका पडद्यावरची नजर न काढता म्हणाले, "सीझन संपू दे."

सीझन संपेपर्यंत ते टिकले नाहीत. दगडी रस्त्यांच्या शर्यती झाल्या होत्या, डोंगराळ भागातल्या राहिल्या होत्या. शेवटचे काही दिवस औषधाच्या गुंगीत गेले. एका सकाळी कचऱ्याची गाडी गल्लीत असताना ते गेले. काकूंनी भावाला फोन केला, तेव्हा मी शेजारी होते. अंत्यसंस्कार कधी, एवढंच त्याने विचारलं.

इथे अंत्यसंस्काराची तारीख मिळायला दोन-दोन आठवडे जातात. भावाने धावपळ करून व्हिसा मिळवला. जिवंत माणसासाठी जो वेळ हाताशी नव्हता, तो मेलेल्या माणसासाठी निघाला. याचा मला इतका संताप आला की मी ऑफिसात टॉयलेटमध्ये जाऊन रडले.

भाऊ यायच्या आदल्या दिवशी घरी येणारी नर्स उरलेली औषधं परत न्यायला आली. भली बाई होती. चहा घेता घेता तिने काकूंना धीर द्यायला म्हणून सांगितलं, की तुमच्या मिस्टरांसारखा धीराचा पेशंट पाहिला नाही. अगदी पहिल्या भेटीतच, काकू आणि मी खरेदीला गेलो होतो तेव्हा, त्यांनी तिला सरळ विचारलं होतं की किती दिवस आहेत. तिने सांगितलं. मला कळलंय हे घरच्यांना कळू देऊ नका, असं काका तिला म्हणाले.

नर्स गेली. मुलगी भिंतीला टेकून खाली बसली. काकूंनी कप विसळले, पुसले, कपाटात ठेवले. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "त्यांना माहीत होतं, मला माहीत होतं. आणि आम्ही दोघं सायकली बघत बसलो." काकांचा राग आला, खूप राग आला, आणि ज्याच्यावर तो काढायचा तो माणूस कॉव्हेंट्रीच्या शवागारात होता. फोन न करता त्यांनी जुनं उट्टं काढलं, की त्यांना धीरच झाला नाही, हे मला आजही सांगता येणार नाही.

भाऊ दुसऱ्या दिवशी दुपारी आले. काकांसारखंच नाक, काकांसारखंच पाय किंचित फाकून चालणं. अंगात उसना कोट होता. हॉलमधल्या रिकाम्या पलंगाकडे बघत ते उभे राहिले, बसा म्हटलं तरी बसेनात.

"वहिनी," शेवटी ते म्हणाले, "दादाला माहीत होतं का? म्हणजे... आपण जाणार हे?"

मुलीने मान वर केली. मी हातातला ट्रे तसाच धरून उभी राहिले. असल्या लपवाछपवीला शिव्या घालणारी मी, त्या क्षणी मनात काकूंना विनवत होते की खरं सांगू नका.

"नाही, भावजी," काकू म्हणाल्या. "आम्ही कळूच दिलं नाही. कळलं असतं तर पहिला फोन तुम्हालाच केला असता त्यांनी."

भाऊ पलंगाच्या कडेवर बसले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून हमसून रडायला लागले. काकूंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि मला चहा पुन्हा गरम करून आणायला सांगितलं.