काकूसाठी टेपरेकॉर्डर

देवासच्या दुकानात दोन टेपरेकॉर्डर समोर ठेवून मी उभा होतो, तेव्हा माझ्या मनात काकूचा विचार कमी आणि माझ्या रविवारांचा जास्त होता. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं सांगायला सोपं जाईल.

काकू धारला एकटी राहते. आमच्या घराण्याच्या महालक्ष्म्या तिच्याकडेच बसत. आई होती तोवर दोघी जावा मिळून करायच्या. आई गेल्यावर शेजारची एक बाई हाताशी असायची. तीही मुलाकडे धामनोदला गेली. आम्ही? आम्ही दरवर्षी जेवणाच्या दिवशी पोचायचो, ऐन पंगतीला. महालक्ष्म्या आणायचा दिवस माझ्या बायकोनं आणि मुलीनं तिथे कधी पाहिलाच नाही.

आता काकूला जवळजवळ दिसत नाही, म्हणून या भाद्रपदात महालक्ष्म्या आमच्याकडे देवासला यायच्या ठरल्या. पण त्या दारातून कशा आणायच्या, काय म्हणायचं, हे सगळं काकूच्या तोंडी. बायकोच्या माहेरची रीत वेगळी. मुलगी हिंदी शाळेतली, मराठी वाचताना अडखळते. तेव्हा काकूच्या आवाजातच ते उतरवून घ्यायला हवं होतं.

मोबाईल का नाही, असं मुलीनं विचारलं. काकूचं बोट काचेला कळत नाही आणि काच काकूला. तिला हाताला लागणारं, दाबल्यावर टक् वाजणारं बटण हवं होतं. फोनवर म्हणाली, "मोठा आण रे, चाचपता येईल असा. तू आलास की बसून भरू." शेवटचं वाक्य मी ऐकलं न ऐकलं केलं.

दुकानातला एक रेकॉर्डर तसाच होता, वहीएवढा, रुंद बटणांचा. दुसरा खिशात मावणारा.

"रोज का बोलना भरना है ना?" दुकानदार म्हणाला. "तो छोटा ले लो भिया. कोई बोलेगा तो चलेगा, चुप रहेगा तो ये भी चुप. कॅसेट बचती है."

मला तेच पटलं. मोठ्यातली कॅसेट अर्ध्या तासात संपली असती आणि ती उलटायला मला जावं लागलं असतं. शिवाय काकूचं बोलणं संथ. ती एक वाक्य बोलते, पाणी पिते, आठवत बसते. ते थांबणं ऐकत बसायला नको. छोटा तिच्या उशाशी ठेवून द्यावा, सुचेल तसं ती बोलेल, आणि महिन्याभरानं मी कॅसेट उचलून आणीन. रेकॉर्डच्या बटणावर मी फेविकॉलचा थेंब वाळवला, तिच्या बोटाला कळावा म्हणून. तो थेंब लावताना मी स्वतःला फार चांगला पुतण्या वाटलो होतो.

महिन्याभरानं धारहून कॅसेट घरी आणून लावली. नैवेद्याचं, पातळं नेसवायचं, सगळं नीट होतं. मग दारातलं आलं. काकूचा आवाज: "कोण आलं? कशाच्या पावलांनी आली? काय घेऊन आली? कुठे बसणार?"

मुलगी हसायला लागली. "बाबा, काकूआजी तर थानेदारसारखी पूछताछ करतेय! उत्तरं कुठायत?"

उत्तरं कुठेच नव्हती. मी धारला फोन लावला.

"मी कशी सांगणार?" काकू म्हणाली. "आतली विचारते, आणणारी सांगते. आपणच विचारायचं अन् आपणच सांगायचं? वेड लागलंय का मला? मी थांबत होते की."

"कोणासाठी, काकू?"

"तुझ्यासाठी. तुला उत्तरं येत असतील वाटलं. आई सांगायची तेव्हा घंटा घेऊन तूच पुढे असायचास."

मला एकही उत्तर आठवत नव्हतं. आणि ती त्या डबीसमोर बसून विचारत होती, थांबत होती, परत विचारत होती. तिचं थांबणं यंत्रानं गाळून टाकलं होतं. मी नेमकं तेच विकत आणलं होतं.

पुढच्या रविवारी मुलीला घेऊन धारला गेलो. यंत्राची ती गप्प बसायची कळ बंद केली. काकू उंबऱ्याच्या आत खुर्चीवर, मुलगी बाहेर तांब्या घेऊन.

"कशाच्या पावलांनी आली?"

मुलीनं माझ्याकडे बघितलं. मी यंत्राकडे.

"त्याच्याकडे काय बघतेस? त्याला जेवायचं तेवढं माहीत. इकडे ये, कान दे."

काकू कानात सांगायची, मुलगी बाहेर जाऊन मोठ्यानं म्हणायची.

"सोन्यारुप्याच्या पावलांनी आयी."

"आली म्हण गं. काय घेऊन आली?"

"लेकीबाळी घेऊन आली, धान्याच्या राशी घेऊन आली."

एकदा मीही मदत करायला तोंड उघडलं. "तू गप," काकू म्हणाली, "तू बटण सांभाळ."

कॅसेटची बाजू मध्येच संपली. मी उलटली. कुणाला घाई नव्हती. ऊन ओसरीवरून सरकलं आणि मुलगी न अडखळता सगळं म्हणू लागली.

निघताना काकूनं यंत्र माझ्या हातात दिलं. "ने हे. पोरीला आलंय आता."

"असू दे की, बोलत जा अधूनमधून."

"ह्याच्याशी? मी थांबले की ते झोपतं."

मी ते पिशवीत टाकलं. आणि खरं सांगतो, त्या क्षणी मला सुटल्यासारखं वाटलं. आता महिन्याला यायचं कारण उरलं नव्हतं.

काकू दाराची चौकट धरून हात हलवत होती. तिचं तोंड रस्त्याच्या भलत्याच बाजूला होतं, जिथे गाडी नव्हतीच. मला हाक मारायला हवी होती. मी किल्ली फिरवली. मुलीनं काच खाली करून ओरडून सांगितलं, "काकूआजी, इकडे!" तेव्हा ती वळली.