गळा लुचानाचा

“गळा काढ आणि फाइल पाठवून दे. सोमवारी क्लायंटला हवीय,” जेसन म्हणाला.

जेसन माझा मॅनेजर, पक्का सिंगापूरकर. गोष्ट दोन हजार तेरा-चौदाच्या सुमाराची. सिंगापुरातल्या पाया लेबार भागात एका ऑफिसात मी साउंड इंजिनिअर होते. आम्ही जुन्या गाण्यांच्या कराओके आवृत्त्या करायचो. गाण्याचे सुटे ट्रॅक असतात. ड्रम वेगळे, कीबोर्ड वेगळा, गळा वेगळा. त्यांना स्टेम म्हणतात. कराओकेसाठी गळ्याचा स्टेम टाकून द्यायचा. काम सोपं.

या वेळी मिलानच्या एका लेबलनं ‘व्हिया लुनारे’ या डिस्को ग्रुपची गाणी पाठवली होती. ऐंशीच्या दशकात गाजलेला ग्रुप. कव्हरवर चंदेरी जॅकेटातली एक देखणी बाई, सांद्रा. फॉर्मवर गायिका म्हणून तिचंच नाव. फॉर्मच्या तळाशी एक चौकट: ‘माहिती तपासली आहे.’ तिथे टिक मी करायची, माझ्या नावानं. त्याशिवाय सिस्टिम गाणं पुढे सोडत नाही.

टाकून देण्याआधी गळ्याचा स्टेम मी पूर्ण ऐकते. सवयच आहे. दुसऱ्या कडव्याआधी गायिका थांबली. बाहेरून मोटरसायकल गेली. ती हसली, इटालियनमध्ये काहीतरी बोलली. मग एका पुरुषाचा आवाज: “लुचाना, अंकोरा.” अंकोरा म्हणजे पुन्हा एकदा. पण सांद्राला कुणी लुचाना का म्हणेल?

त्याच लेबलच्या दुसऱ्या एका रेकॉर्डवर कोरसमध्ये एक लुचाना सापडली, आडनावासकट. शोधलं तर ती इटलीतल्या रावेन्नात मुलांना पियानो शिकवत होती. मी मेल केली. तिनं सरळ फोनच केला.

“ते गाणं गातानाचं काही आठवतं का?” मी तिच्या मोडक्या इंग्रजीला माझ्या मोडक्या इंग्रजीत विचारलं. स्टेमबद्दल एक अक्षर सांगितलं नव्हतं.

“उकाडा होता. खिडकी उघडी. मध्येच मोटरसायकल आली. मी म्हटलं, हिलाही कोरसमध्ये घ्या.”

मग तिनं सगळं सांगितलं. प्रोड्यूसरला ती टीव्हीवर शोभेल असं वाटत नव्हतं. म्हणून गायची ती आणि ओठ हलवायच्या मॉडेल. चार वर्षांत तीन मॉडेल बदलल्या, गळा तोच. कुणाला पत्ता लागला नाही. मग डिस्कोच ओसरलं आणि ग्रुप बंद पडला.

“तीस वर्षं नवऱ्याला सांगतेय, रेडिओवर आहे ती मी. तो म्हणतो, हो गं, मीठ दे.” मग म्हणाली, “एकदा त्या गाण्यांवर माझं नाव दिसू दे. कुठेही.”

मी जेसनकडे गेले.

“तू साउंड इंजिनिअर आहेस, पोलीस नाहीस लाह,” तो त्याच्या सिंगापुरी ढंगात म्हणाला.

“टिकच्या खाली माझं नाव येतं.”

“क्लायंट म्हणतो सांद्रा, तर सांद्रा.”

“मग टिक क्लायंटनं करावी.”

“तुझा पास कंपनीवर आहे, लक्षात आहे ना?”

लक्षात होतं. नोकरी गेली की सिंगापुरात राहायचा पास जातो आणि बॅगा भराव्या लागतात. पण आमच्या घरातली पहिली पदवी माझी. आई-वडील दोघंही इचलकरंजीत यंत्रमागावर. त्यांनी मला शिकवलं ते खोट्याखाली नाव घालायला नाही.

कामाच्या ऑनलाइन नोंदीला आमच्याकडे तिकीट म्हणतात. मोटरसायकलपासून ‘लुचाना, अंकोरा’पर्यंतचा तुकडा कापून मी तिकिटाला जोडला आणि लिहिलं: ‘गायिकेचं नाव चुकीचं आहे. पुरावा सोबत. मी टिक करणार नाही.’

जेसननं काम दुसऱ्याला दिलं. त्यानं तुकडा ऐकला आणि काम परत केलं. मग तिसरीला दिलं. तिनंही तेच केलं. सोमवार गेला. पुढचाही गेला. तिसऱ्या आठवड्यात लेबलच्या माणसाचा फोन आला: “तुम्हाला हवं ते नाव टाका, पण गाणी सोडा.”

आता गाणं सुरू होण्याआधी पडद्यावर तीन सेकंद तिचं पूर्ण नाव दिसतं. मुख्य गायिका म्हणून आयुष्यात पहिल्यांदा नाव लागलं, ते तिचा गळा काढून टाकलेल्या आवृत्तीवर. मी तसं तिला कळवलं. ती म्हणाली, “चालेल. निदान ओठ कुणी हलवत नाही.”

त्या वर्षी माझ्या अप्रेझलमध्ये जेसननं लिहिलं, ‘लवचिक नाही.’ मी वाचून सही केली. माहिती बरोबर होती.

नव्या मुलांना मी एवढंच सांगते: नाही म्हणायचं असेल तर तिकिटात लिहा. तोंडी नकार जेवायच्या सुट्टीपर्यंतही टिकत नाही.