बोल्टवरची पिवळी रेघ

रावसाहेब मिस्त्रींची आणि माझी ओळख भांडणातून झाली. बुधवार पेठेतलं पुस्तकांचं दुकान विकून मी धायरीत झेरॉक्सचं दुकान टाकलं, आणि रस्त्यापलीकडे नेमकं यांचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज निघालं. दिवसभर ठोकाठोकी. पहिल्याच आठवड्यात मी पलीकडे जाऊन सांगितलं, की आपण जरा हळू ठोकलंत तर मी काय बोलतोय ते माझ्या गिऱ्हाइकांना ऐकू येईल. यावर ते मान वर न करता म्हणाले, "तुमी काय बोलताय ते ऐकून गिऱ्हाईक टिकंल का पन?" पेठेबाहेर इतकं चोख उत्तर मला पहिल्यांदाच मिळालं होतं. तेव्हापासून आमचं जमलं.

त्या वेळी धायरीत शेतं शिल्लक होती आणि खडकवासल्यापर्यंतचे ट्रॅक्टर यांच्या दारात उभे असायचे. ट्रॅक्टर रस्त्यावर वळतानाच मिस्त्री सांगत, की याचा क्लच गेलाय किंवा याला मालकाने तेल दाखवलेलं नाही. बहुतेक वेळा बरोबर निघायचं. चुकलं तर ते ट्रॅक्टरलाच शिव्या द्यायचे. त्यांच्या हाताच्या रेषांत आणि नखांत काळं ऑइल कायमचं मुरलेलं होतं. माझ्याकडे कागद घेऊन आले, की मी आधी फडकं पुढे करायचो.

मग शेतांच्या जागी इमारती आल्या आणि इमारतींना पाणी आलं नाही. आता धायरीत ट्रॅक्टर दिसतो तो पाण्याच्या टँकरपुढेच. मिस्त्रींचं गॅरेज नावापुरतंच उरलं. मिस्त्रींची एकुलती एक मुलगी राजनंदिनी बी.कॉम. झाली, एका कंपनीत थोडे दिवस हिशेब लिहीत बसली आणि मग नोकरी सोडून टँकरच्या धंद्यात उतरली. भाड्याच्या ट्रॅक्टरवर तिने सिंहगड रस्त्यावरच्या एका मोठ्या सोसायटीचं पाणी मिळवलं, आणि गेल्या दिवाळीत स्वतःच्या नावावर नवाकोरा ट्रॅक्टर घेतला. वापर काय, तर टँकर ओढणे, हेही तिने घेतानाच कंपनीला लिहून दिलं, पुढे वॉरंटीत खोट निघायला नको म्हणून. मुलगी पक्की आहे.

पूजा झाली, पेढे वाटले, आणि संध्याकाळी ती वडिलांची हत्यारांची पेटी दोन्ही हातांनी उचलून माझ्या दुकानात आली.

"काका, ही तुमच्याकडे कुलपात ठेवा. आप्पांनी मागितली तरी द्यायची नाही. वॉरंटी संपेपर्यंत."

कारण मला ठाऊक होतं. काही वर्षांपूर्वी सीताराम नावाच्या टँकरवाल्याच्या नव्या ट्रॅक्टरमधून थोडंसं ऑइल गळत होतं. कंपनीच्या वर्कशॉपला कुठे जायचं म्हणून तो रावसाहेबांकडे आला. त्यांनी तासाभरात गळती बंद केली, वर चहा पाजला. पुढे त्याच ट्रॅक्टरचं इंजिन बसलं, तेव्हा कंपनीने एवढंच पाहिलं, की इंजिन कंपनीबाहेर उघडलेलं आहे. वॉरंटी रद्द. सीतारामने ट्रॅक्टर विकला आणि आता तो दुसऱ्याची रिक्षा चालवतो. मिस्त्रींचं काम चुकलं नव्हतं. त्यांनी ते करायलाच नको होतं.

त्यामुळे नव्या ट्रॅक्टरला मिस्त्रींनी हातच लावायचा नाही, असं घरात ठरलं. सकाळी राजनंदिनी पुस्तिका उघडून ऑइलची पट्टी बघायची, रेडिएटरचं पाणी बघायची, एअर फिल्टर झटकायची, ग्रीस मारायची. ठरलेले तास भरले, की कंपनीच्याच वर्कशॉपला सर्व्हिसिंग, कंपनीचंच ऑइल, आणि पावती फाइलला. मिस्त्री खुर्ची टाकून समोर बसायचे, हात मांडीवर. वॉरंटी लवकर संपावी असं वाटणारा पुण्यातला हा एकमेव माणूस असावा. मी तसं म्हणालोसुद्धा. ते हसले नाहीत. म्हणाले, "संपंल तवा माझे हात चालतील का, त्येची वॉरंटी कोन देतंय?"

मी उठून दोघांसाठी चहा सांगितला.

मे महिन्यात इंजिनातून आवाज यायला लागला. मला तर सगळेच ट्रॅक्टर सारखे वाजतात, पण त्या दिवशी राजनंदिनी टँकर घेऊन आली तेव्हा मिस्त्री खुर्चीतून ताडकन उठले आणि रस्त्यातच आडवे उभे राहिले. बंद कर म्हणाले. आतल्या आत काहीतरी ठोकत होतं. म्हणाले, पुढच्या कव्हरआडचा गिअर आहे, दात गेलाय, असाच चालवलास तर इंजिन खाईल. तिने तिथल्या तिथे किल्ली काढली. बिघाड कळल्यावरही चालवत राहिलं तर कंपनी हात वर करते, हे तिने वाचलेलं होतं. वर्कशॉपला फोन केला. उद्या माणूस पाठवतो म्हणाले.

उद्या कोणी आलं नाही. परवाही नाही. ऐन उन्हाळा, सगळ्यांचेच ट्रॅक्टर आडवे झालेले. इकडे सोसायटीच्या चेअरमननी कळवलं, की शनिवारपर्यंत तुमचा टँकर सुरू झाला नाही तर आम्ही दुसरा बघू. ते माझ्याच जातकुळीतले, पेठेतून तिकडे गेलेले. गोड बोलून दार लावून घेण्यात आमचा हात कोणी धरणार नाही. राजनंदिनी सकाळी भाड्याचा ट्रॅक्टर शोधत निघायची ती उन्हात काळवंडून परत यायची. ट्रॅक्टर गॅरेजच्या दारात उभा, आणि मिस्त्री खुर्चीत. मी दिवसातून दहादा तिकडे बघत होतो आणि दहाही वेळा ते त्या कव्हरकडे बघत होते.

गुरुवारी दुपारी ती बाहेर गेल्यावर ते रस्ता ओलांडून दुकानात आले.

"दिगंबरराव, पेटी द्या."

मी नाही म्हणालो. ते स्टुलावर बसले. पोरीची हालत बघवत नाही म्हणाले. फक्त कव्हर काढून बघतो, गिअर आहे का एवढं कळलं तर वर्कशॉपवाल्यांना फोनवर खडसावून सांगता येईल, म्हणजे येताना पार्ट घेऊनच येतील. मी विचारलं, सीतारामचं काय झालं? त्यांचा चेहरा पडला. मला त्याच क्षणी वाईट वाटलं. पण मी बोललो ते खोटं नव्हतं.

थोड्या वेळाने ते म्हणाले, "एक पाना तरी द्या. हातात धरून बसतो निस्ता."

आता हे ऐकून कोणाचंही मन पाघळेल, आणि मी काही दगड नाही. मी कुलूप काढून पेटी उघडली. त्यांनी न बघता हात घातला आणि नेमका हवा तो पाना काढला. अंगठ्याने त्याच्या तोंडावरून एकदा पुसलं. आणि उठून सरळ रस्ता ओलांडला.

मी हाका मारल्या. त्यांनी वळून पाहिलं नाही. नेमकं तेव्हाच एका बाईंना आधार कार्डाच्या प्रती हव्या होत्या, पुढची-मागची एकाच कागदावर. मी यंत्राचं झाकण लावत होतो आणि मान रस्त्याकडे. मिस्त्री ट्रॅक्टरच्या पुढच्या अंगाला वाकले. पाना वर गेला. आणि माझ्या दुकानासमोर बस येऊन उभी राहिली. पुढे चौकात नेहमीचा घोळ झाला होता. ड्रायव्हरने इंजिन बंद करून तंबाखू काढली. मी काउंटरमागून बाहेर पडून बसला वळसा घालू शकलो असतो, पण बाई म्हणत होत्या की फोटो काळा आलाय. तो काळाच येणार होता, झाकण मी अर्धवटच लावलं होतं.

बस हलली तेव्हा मिस्त्री रस्ता ओलांडत माझ्याकडेच येत होते. त्यांनी पाना काउंटरवर ठेवला.

"कुलूप लावा," म्हणाले, आणि गेले.

मी पाना पेटीत टाकून कुलूप लावलं. काय केलंत हे विचारायला हवं होतं, पण उत्तराची भीती वाटली.

शुक्रवारी सकाळी कंपनीचा इन्स्पेक्टर आला, बरोबर एक मेकॅनिक. इन्स्पेक्टर तिशी-पस्तिशीचा, शांत बोलणारा. गॅरेजवरची जुनी पाटी वाचून तो थांबला. "रावसाहेब मिस्त्री म्हणजे आपणच का?" त्याने विचारलं. वर्कशॉपमध्ये नाव ऐकलंय म्हणाला, आणि ते कौतुक नव्हतं.

मी दुकान उघडं टाकून पलीकडे जाऊन उभा राहिलो. राजनंदिनीने फाइल दिली. त्याने पावत्या आणि सर्व्हिसिंगचे तास तपासले, सगळं जागच्या जागी होतं. मग त्याने मोबाइलचा टॉर्च लावला आणि इंजिन बघायला लागला. पंपाचं सील बघितलं. पुढच्या कव्हरपाशी आला आणि तिथेच राहिला. खालच्या अंगाच्या एका बोल्टचा कोपरा घासलेला होता. धुळीत तेवढंच लोखंड चकाकत होतं.

"इथे पाना लागलाय," तो म्हणाला. "हे उघडलं असेल तर इंजिनाची पूर्ण वॉरंटी जाते, मॅडम. आजच्या क्लेमपुरती नाही, पुढची सगळी. तुम्हाला माहीत असेल."

राजनंदिनीने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणणार होतो, की पेटी माझ्या कुलपात होती. पण ते खरं राहिलं नव्हतं. इन्स्पेक्टरने मला विचारलं, की आपण समोरच असता, यांनी इंजिन उघडताना कधी पाहिलंत का?

पाहिलं नाही, एवढं म्हणून थांबलो असतो तर चाललं असतं. पण माझी जीभ मेली पेठेतली.

"मी काही पाहिलं नाही," मी म्हणालो. "मध्ये बस उभी होती."

म्हणजे बसच्या आड काहीतरी झालं होतं, हे सगळ्यांनाच कळलं. मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. राजनंदिनीचा चेहरा पांढरा पडला. ती वडिलांकडे वळली आणि अगदी हळू आवाजात बोलली.

"आप्पा, हात लावला होता?"

"पाना लावला हुता," मिस्त्री म्हणाले. "फिरवला न्हाई."

"सगळे असंच सांगतात," इन्स्पेक्टर म्हणाला. पण त्याने मेकॅनिककडून फडकं घेतलं आणि तो गुडघ्यावर बसला. त्या बोल्टवर धूळ आणि तेल यांचा थर चिकटला होता. तो सावकाश पुसत गेला. कारखान्यात बोल्ट आवळून झाला, की त्याच्या माथ्यावरून कव्हरवर रंगाची एक रेघ ओढतात. बोल्ट केसभर जरी फिरला तरी रेघ तुटते, आणि कितीही नेमका परत आवळला तरी ती जुळत नाही. हे मला त्याने नंतर सांगितलं. तेव्हा मी नुसता त्याच्या बोटांकडे बघत होतो. राजनंदिनीने टँकरचा पाइप घट्ट धरून ठेवला होता. मिस्त्री मात्र कव्हरकडे बघत नव्हते. ते मुलीकडे बघत होते.

पिवळी रेघ दिसली. एका बाजूला खरवडली होती, पण बोल्टवरून निघून कव्हरवर सरळ गेली होती. त्याने टॉर्च जवळ नेला, बाकीचे बोल्ट एकेक करून पुसले, आणि पुन्हा त्याच बोल्टवर आला.

"हललेला नाही," तो म्हणाला. उभा राहून त्याने हात पुसले. "मिस्त्री, पाना लावलात आणि थांबलात कसे?"

मिस्त्रींनी मुलीवरची नजर काढून आपल्या हातांकडे नेली.

"पोरगी हितं असती तर भांडून फिरवला असता," ते म्हणाले. "पन ती न्हवती. तिच्या माघारी न्हाई जमलं."

राजनंदिनी पाठ फिरवून टँकरच्या मागे गेली. तिथे तिला काही काम नव्हतं.

क्लेम मंजूर झाला. मेकॅनिकने त्याच दुपारी दुरुस्ती केली, आणि मिस्त्रींना आणखी एक घाव बसला. गिअर शाबूत होता. कव्हर उघडावंच लागलं नाही. इंजिनात डिझेल फवारणारं वरचं एक नोझल खराब झालं होतं आणि डिझेल वेडंवाकडं पेटत होतं, त्याचा तो आवाज. मिस्त्री ऐकूनच घेईनात. नोझलचा आवाज मला कळत नाही होय, म्हणाले. मेकॅनिकने नोझल बदललं, इंजिन सुरू केलं, आणि ठोकणं बंद. मिस्त्री इंजिनाला कान देऊन बराच वेळ उभे राहिले. गुरुवारी त्यांनी पाना फिरवला असता, तर आत काहीही सापडलं नसतं आणि मुलीची वॉरंटी फुकट गेली असती. हे त्यांना कळलं, ते मला त्यांच्या खांद्यांवरून दिसलं. माझी दिवसभराची जीभ वापरून झाली होती.

शनिवारी पहाटे सोसायटीत पाणी पोचलं. चेअरमननी म्हणे आभार मानले, वर टँकर पाच मिनिटं उशिरा आला हेही नोंदवलं.

सोमवारी सकाळी मी दुकान उघडत होतो. पलीकडे राजनंदिनी पुस्तिका घेऊन वडिलांच्या खुर्चीपुढे उभी होती. मला ऐकू जावं इतक्या मोठ्याने तिने वाचून दाखवलं, की रोजचं ग्रीस मालकाने घरीच मारायचं असतं, त्यासाठी वर्कशॉपला यायची गरज नाही. मग तिने ग्रीसगन त्यांच्या मांडीवर ठेवली.

"मालक मी आहे," ती म्हणाली. "आणि मी सांगतेय, उद्यापासून नाही, आत्तापासून तुम्ही मारायचं."

मिस्त्री खुर्चीतून उठले ते थेट ट्रॅक्टरखालीच गेले. तासाभराने माझ्याकडे आले, हातात टँकरचा कसलासा कागद, दोन प्रती हव्या होत्या. नेहमीच्या सवयीने मी फडकं पुढे केलं. त्यांनी ते घेतलं, बाजूला ठेवलं, आणि माझ्या काउंटरच्या काचेवर काळा पंजा टेकवून निवांत उभे राहिले. काच मी सकाळीच पुसली होती. मी त्यांना चांगलं फैलावर घेतलं, आणि मला फार बरं वाटलं.