फोनवरचे ठसे

मोबाइलच्या धंद्यावरच्या आमच्या व्हिडिओ कार्यक्रमात प्रत्येक टेकआधी सूत्रसंचालक मेघनाताई मऊ फडक्याने फोन पुसून घेतात. काचेवर बोटाचा एवढासाही ठसा दिसता कामा नये. फोन असा दिसायला हवा, जणू त्याला आजवर कोणाचा हात लागलेलाच नाही.

पण हात लागलेला असतो. या वेळच्या भागासाठी मी कारखान्यात हाच फोन जोडणाऱ्या सुरेखाला बोलतं केलं होतं. "पूर्ण पाळी उभंच राहायचं. स्टूल मागितलं, तर सुपरवायझर म्हणाला, घरून आण," ती हसत सांगत होती. चेहरा दाखवला तर चालेल का, असं विचारलं तर म्हणाली, "दाखवा की. चोरी केलीय का मी?"

निर्मात्याने नेमका सुरेखाचाच तुकडा कापला. "बाई, हे एखाद्या कामगार संघटनेच्या पत्रकात छाप. कंपनीने पुढचा फोन पाठवला नाही, तर काय दाखवायचं? तुझं स्टूल?" सगळे हसले. मी भांडले. भाग तसाच गेला.

कारखान्यात हातमोजे, दुकानात प्लास्टिकचा पापुद्रा आणि आमच्याकडे फडकं. बनवणाऱ्याचा मागमूस पुसला, की वस्तू नवी होते आणि आपण तिला सुंदर म्हणतो.

आज मेघनाताई पुढचा फोन पुसत असताना सुरेखाचा मेसेज आला. "ताई, घरी सगळ्यांनी तुमचा भाग दोनदा बघितला. आई विचारत होती, यात तू कुठंय? मी म्हटलं, तो फोन दिसतोय ना, त्यातच."