जिनिंगच्या गेटावरचा कुत्रा

दिग्रसच्या कापसाच्या जिनिंगमधला तो कुत्रा मी पहिल्यांदा पाहिला, तेव्हा सरकीच्या गोदामाच्या भिंतीशी तो बांधलेला होता. साखळी पुरत होती तिथवरची जमीन त्याच्या फेऱ्यांनी गुळगुळीत झाली होती आणि त्यापलीकडे दगडांचं कडंच पडलं होतं. हमाल येता-जाता त्याला दगड मारत. त्या आठवड्यात त्यानं एका हमालाचा हात फाडला होता, म्हणून जिनिंगचे मालक शेठजी यांनी मला यवतमाळहून बोलावून घेतलं होतं.

"ताई, पाहा काही होते काय. नाही तर मी याचा निकाल लावतो," ते म्हणाले.

काळा, उंच, डोबरमनची मिसळ असलेला कुत्रा. त्याला नावसुद्धा नव्हतं. मी दगडांच्या कड्यापाशी त्याच्याकडे पाठ अर्धी वळवून बसले. तो साखळीच्या टोकापर्यंत येऊन इतका भुंकला, की त्याची थुंकी माझ्या ओढणीवर उडत होती. मी हलले नाही. कुत्री शिकवणारी म्हणून यवतमाळात माझं थोडंफार नाव झालं होतं आणि ते नाव अजून इतकं कच्चं होतं, की एकदा घाबरून उठताना दिसले असते तर संपलंच असतं.

आमचं घर नोकरदारांचं. आजोबा कचेरीत होते, बाबा ट्रेझरीत. बी.ए. झाल्यावर मी परीक्षा देऊन कुठेतरी टेबलाशी बसायचं, हे सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. पण आमच्या गल्लीत पोलिसांच्या श्वानपथकातून निवृत्त झालेले एक हवालदार राहायला आले, आणि मी त्यांच्या अंगणातून हलेना. सगळं शिकले ते त्यांच्याकडून. ते म्हणायचे, "कुत्रं चावरं कोणीबी करते, पोरी. तोंडात धरलेलं सोडाले शिकवणं, हे खरं काम." म्हणून त्यांच्याकडे पहिला धडा 'सोड'चा असायचा. तागाची जाड दोरी कुत्र्याच्या तोंडात द्यायची, ओढायची, आणि 'सोड' म्हटल्याबरोबर जबडा उघडला पाहिजे. कुत्रा कितीही चिडलेला असो.

एका डॉक्टरांचा अल्सेशियन पेशंटच्या अंगावर जायचा, तो मी सुधारला. मग एका ठेकेदाराचा. लोक एकमेकांना सांगू लागले. बाबांना मात्र ते झेपत नव्हतं. "पाहुणे विचारतात मुलगी काय करते, त्यांना काय सांगू?" ते म्हणायचे. मी म्हणायचे, "सांगा, शिकवण्या घेते." ते हसायचे नाहीत.

ती वर्षं कापसाची वाईट होती. सकाळी एक भाव, संध्याकाळी दुसरा. बसमध्ये, पानठेल्यावर, दवाखान्यात, कुठेही बसलं तरी बोलणं तेच. जिनिंगवाले चोरीला आणि आगीला भीत होते, आणि आता गेटाशी थांबणाऱ्या लोकांनाही भिऊ लागले होते. म्हणून त्यांना कुत्रे हवे होते. सगळं बिनसत होतं आणि माझा धंदा त्या बिनसण्यावरच उभा राहत होता, हे मला कळत होतं. त्याचा विचार मी फारसा करत नसे.

काळ्या कुत्र्यावर मी पूर्ण उन्हाळा आणि पावसाळा घालवला. आठवड्यातून काही दिवस सकाळच्या बसनं दिग्रसला जायचं, संध्याकाळी परत. आधी हमालांचे दगड बंद केले. त्यासाठी मला शेठजींशी भांडावं लागलं. मग माझ्या हातची भाकर त्यानं घेतली. मग त्याला साखळीवरून पट्ट्यावर आणलं. ज्या दिवशी तो पहिल्यांदा माझ्या डाव्या पायाला लागून, न ओढता, यार्डाला चक्कर मारून आला, त्या दिवशी चावलेला हमालसुद्धा काम थांबवून बघत उभा राहिला. "मायबाप! हे तेच कुत्रं व्हय?" तो म्हणाला.

शेठजींना 'सोड'चा खेळ फार आवडला. दुपारी जेवण झालं की ते स्वतः दोरी घेऊन यायचे, कुत्र्याशी ओढाओढी करायचे आणि जोरात ओरडायचे, "सोड!" जबडा उघडला की लहान मुलासारखे खूष व्हायचे. त्यांनी इतर जिनिंगवाल्यांना बोलावून हे दाखवलं. त्यांच्यातल्या काहींनी मला तिथेच आपापल्या कुत्र्यांचं काम सांगितलं. त्या संध्याकाळी बसमध्ये मी मनात घराच्या मागच्या जागेत कुंपण घालत होते, कुत्र्यांसाठी खोल्या बांधत होते.

हंगाम ऐन भरात असताना एका सकाळी मी जिनिंगला पोचले, तर रस्ता बैलगाड्यांनी आणि मेटॅडोरनी तुंबलेला. त्यातल्या बऱ्याच गाड्या आदल्या दिवसापासून रांगेत होत्या. रात्रीतून भाव उतरवला होता. काल आत गेलेल्या कापसाला एक भाव, आज त्याच रांगेतल्या मागच्या गाडीला कमी, आणि वर कापसात कवडी, म्हणजे किडका-डागी कापूस, आहे म्हणून आणखी कपात. लोक गाड्या सोडून गेटापाशी जमले होते. आरडाओरडा नव्हता. आरडाओरडा असता तर बरं वाटलं असतं. ते नुसते उभे होते आणि मी आत जाताना त्यांनी मला वाट दिली.

शेठजी ऑफिसच्या गच्चीवर होते. सोबत ते जिनिंगवालेही होते, माझ्याकडे कुत्रे देणारे. शेठजींनी वरूनच सांगितलं, "ताई, कुत्रा घेऊन गेटावर उभ्या राहा. नुसतं उभं राहाचं. लोकं मांगं सरकले पाहिजेत."

नुसतं उभं राहायचं, हे शब्द मी धरून ठेवले. कुत्र्याला मुसकं घातलं, पट्टा मनगटाला दोनदा गुंडाळला आणि गेटाशी आले. लोखंडी गेट अर्धवट उघडं होतं. समोर पहिल्या रांगेत पांढरं पागोटं घातलेला एक म्हातारा जमिनीवर मांडी घालून बसला होता. जवळच्या बंजारा तांड्यावरचा. बाकीचे थोडे मागे सरकले, तो सरकला नाही.

"चावते काय वो बाई हे?" त्यानं विचारलं.

"मुसकं आहे, बाबा. तुम्ही जरा मागं बसा."

"मांगं कायले बसू? माही गाडी इथं हाय."

वरून शेठजींचा आवाज आला, "मुसकं काढा त्याचं!"

मी ऐकलं नाही असं दाखवलं. ते पुन्हा ओरडले. गच्चीवरचे सगळे माझ्याकडेच बघत होते. मी मान वर करून म्हणाले, "शेठजी, गरज नाही." तेवढ्यात जिनिंगचा मुकादम माझ्या बाजूनं वाकला आणि मला काही कळायच्या आत त्यानं मुसक्याचा बक्कल ओढला. त्याला सांगितलं गेलं होतं, त्यानं केलं. मुसकं खाली पडलं.

गर्दीत एक लाट हलली. मागून कोणीतरी दगड फेकला. कोणाला मारायचा होता देव जाणे, तो कुत्र्याच्या बरगडीवर बसला. दगड काय असतो, हे त्या कुत्र्याइतकं त्या गावात कोणाला माहीत नव्हतं. त्यानं झेप घेतली. पट्ट्यानं माझं मनगट असं ओढलं, की मी गुडघ्यावर आपटले आणि फरपटले. समोर बसलेल्या म्हाताऱ्यानं तोंड वाचवायला हात आडवा धरला आणि कुत्र्यानं त्याच्या सदऱ्याची बाही पकडली.

मला ओरडायचं होतं. तो एक शब्द मी रोज शेकडो वेळा उच्चारत होते. पण आपटल्यानं माझा श्वासच अडकला होता. तोंड उघडं होतं, आवाज नव्हता. म्हाताऱ्याचा हात कुत्र्याच्या दातांपासून कापडाइतकाच लांब होता. माणसं काठ्या, जुवाच्या लाकडी शिवळा, हाताला लागेल ते घेऊन पुढे येत होती.

आणि गच्चीवरून शेठजी पूर्ण ताकदीनं ओरडले, "सोड त्याले! सोड! सोड!"

ते मला सांगत होते. ताई-तुम्ही सगळं विसरून, पट्टा सोड, कुत्रा लोकांवर जाऊ दे, असं.

कुत्र्यानं जबडा उघडला.

बाही सुटली. कुत्रा एक पाऊल मागे आला, माझ्याकडे वळला आणि पुढं काय म्हणून बघत राहिला. मला श्वास मिळाला. "बस," मी म्हटलं, आणि तो बसला. त्याच्या गळ्यात हात टाकून मी तिथेच मातीत बसले. काठ्या उगारलेल्या होत्या. त्या त्याच्यावर पडल्या असत्या तर आधी माझ्यावर पडल्या असत्या. कोणी मारलं नाही. म्हातारा उठून उभा राहिला होता. हात वर करून त्यानं लोकांना थांबवलं. बाही फाटली होती, कातडी शाबूत होती. त्यानं हात उलटसुलट करून पाहिला आणि मागच्यांना म्हणाला, "कुत्र्यानं सोडलं ना. आता तुम्हीबी सोडा."

शेठजी खाली आले. चेहरा पांढरा पडला होता, पण लोकांसमोर ते म्हणाले, "पुढं करा कुत्र्याले. गेट बंद करू द्या."

"नाही," मी म्हणाले. "हा माणसांवर घालायला शिकवलेला नाही."

"तुमच्या धंद्याचा इचार करा, बाई." ताईची बाई झाली होती.

मी कुत्र्याला मुसकं घातलं, गोदामाकडे नेलं आणि त्याच्याशेजारी बसून राहिले. कुत्रा पुन:पुन्हा माझा तळवा हुंगत होता. दुपारी बाजार समितीचे लोक आले, मोठी बाचाबाची झाली आणि रांगेतल्या गाड्यांना आदल्या दिवसाचा भाव मिळाला. त्यात माझा काही हात नव्हता. माझं म्हणाल तर जिनिंगवाल्यांची सगळी कामं गेली. शेठजींनी निरोप पाठवला, की हा कुत्रा आता जिनिंगमध्ये नको. सरकी घेऊन यवतमाळला निघालेल्या मेटॅडोरमध्ये पोत्यांवर बसवून मी त्याला घरी आणलं.

बाबा फाटकात उभे होते. गुडघा फुटलेला, मनगट काळंनिळं, सोबत तो कुत्रा. त्यांनी आत जाऊन पाण्याची बादली आणली आणि लांबूनच कुत्र्यापुढे सरकवली.

मग बरेच दिवस फोन वाजला नाही. डॉक्टरांनीही दुसऱ्या कुत्र्याचं काम पुढे ढकललं. दिग्रसची गोष्ट शहरात पोचली होती आणि प्रत्येकजण ती आपापल्या परीनं सांगत होता. काहींच्या गोष्टीत माझ्या कुत्र्यानं माणूस फाडला होता. मी बाबांना न सांगता एका परीक्षेचा फॉर्म आणला आणि भरायलाही बसले. वर्षभर तरी कुत्र्यांना हात लावायचा नाही, असं ठरवलं होतं.

त्याच सुमारास तो पागोटेवाला म्हातारा आमचं घर विचारत विचारत आला. सोबत त्याची सून होती, फेट्याच्या कापडात गुंडाळलेली दोन पिल्लं घेऊन. बाबांनी त्यांना बैठकीत बसवलं, चहा दिला.

"रानडुकरं पिकात शिरून राह्यले," म्हातारा म्हणाला. "कुत्रे हायेत तांड्यावर, पण ते डुकरं सोडून शेळ्यायच्याच मांगं लागतात. तुमच्या कुत्र्यानं ऐकलं तसं याइनं ऐकलं पाहिजे."

मी म्हटलं, "बाबा, त्या दिवशी तुमचा हात जाणार होता."

"गेला नाही ना," तो म्हणाला. "म्हणूनच तं आलो."

मी तांड्यावर जाऊ लागले. पिल्लं सुनेच्या हाताखाली राहणार होती, म्हणून शिकवायचं तिला होतं, आणि ती कुत्र्यांशी तांड्याच्या भाषेत, गोरबोलीतच बोलायची. 'बस'ला 'बेस', 'ये'ला 'आव'. माझ्या तोंडून ते नीट निघत नसे. पिल्लं माझ्याकडे बघत राहायची आणि ती तोंडाला पदर लावून हसायची. मग ती हळू आवाजात एकदाच म्हणायची, आणि दोन्ही पिल्लं टाचेशी येऊन बसायची. एका तांड्यावरून दुसऱ्या तांड्यावर निरोप गेला, तिथून बोरी अरबकडच्या शेतांवर, पुढे बाभुळगावपर्यंत. कुठे शेळ्या राखायला, कुठे पिकं राखायला. फॉर्मची तारीख कधी निघून गेली, मला कळलंही नाही. बाबांना कळली होती; तो फॉर्म त्यांनी माझ्या पुस्तकांत पाहिला होता. त्या महिन्यात पाहुणे आले आणि त्यांनी नेहमीचं विचारलं, तेव्हा मी आतून कान देऊन ऐकत होते.

"कुत्री शिकवते," बाबा म्हणाले, आणि चहा ओतू लागले.